सांगलीतला एनडीटी (जॉब न तोडता तपासणी) क्लास: आरटी (रेडिओग्राफी) लेव्हल टू केलं, कसं वाटलं ते सविस्तर लिहितेय

मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. आमच्याकडे स्टीलच्या व्हॉल्व्ह बॉडी आणि पंपाची केसिंग होतात, त्यातले काही जॉब रेडिओग्राफीला, म्हणजे किरणांनी आतला फोटो काढायला, बाहेर पाठवावे लागतात, फिल्म आणि रिपोर्ट पाकिटात परत येतात, रिपोर्टवर सही करून मी फाईल पुढे ढकलायची असं इतकी वर्षं चाललेलं. मागच्या वर्षी कस्टमरचा इन्स्पेक्टर आला, त्याने एक फिल्म व्ह्यूअरला लावली आणि फ्लँजच्या मुळाशी बोट ठेवून म्हणाला, मॅडम हे श्रिंकेज (धातू थिजताना आकसून राहिलेली पोकळी) नाही का? रिपोर्टवर ॲक्सेप्ट लिहिलेलं, खाली माझी सही, आणि मला तिथे नुसता काळपट धूर दिसत होता. त्या रात्री झोप लागली नाही. तो जॉब वाफेच्या लाईनवर बसणार होता.

म्हणून हा क्लास लावला. सांगलीतच आहे, शनिवार-रविवार बॅच. नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि त्यांनी त्या मनावर घेऊन सुधारणा करावी एवढीच इच्छा आहे, बदनामी करायची नाही. फी माझ्या महिन्याच्या पगाराच्या जवळजवळ निम्मी गेली, म्हणून जरा मोठं लिहितेय, म्हणजे पुढच्याला ठरवायला बरं पडेल.

आधी थोडक्यात सांगते: फिल्म वाचायला शिकायचं असेल तर डोळे झाकून जा. पण हा कोर्स करून गामा कॅमेरा, म्हणजे किरणोत्सारी तुकडा घातलेलं रेडिओग्राफीचं यंत्र, हातात मिळेल असं वाटत असेल तर थांबा, त्याबद्दल खाली लिहिलंय ते आधी वाचा.

सरांनी पहिले दोन दिवस नुसती फिजिक्स घेतली. मला वाटलं होतं हे डिप्लोमाला झालंय, कंटाळा येणार, पण नाही आला, कारण सर प्रत्येक गोष्ट जॉबवर आणून सोडायचे. एक्स-रे ट्यूबचा केव्ही (किलोव्होल्ट) वाढवला की किरण जास्त जाड स्टीलमधून आरपार जातात पण फिल्मवरचा कॉन्ट्रास्ट कमी होतो, म्हणून जेवढ्यास तेवढाच केव्ही लावायचा. गामा कॅमेऱ्यातल्या इरिडियम-१९२ चं अर्धआयुष्य साधारण ७४ दिवस, म्हणजे आज ४० क्युरी (किरणोत्साराचं माप) असलेला सोर्स, किरण देणारा तुकडा, अडीच महिन्यात २० वर येतो आणि त्याच जॉबला एक्सपोजरचा वेळ दुप्पट लागतो. कोबाल्ट-६० निम्मा व्हायला मात्र सव्वापाच वर्षं घेतो, जाड कास्टिंगला तो वापरतात. इरिडियमच्या किरणांची ताकद साधारण १३ मिलिमीटर स्टीलमध्ये निम्मी होते, म्हणजे ३९ मिलिमीटरमागे आठवा हिस्साच उरतो. हे आकडे मी घरी भिंतीवर लिहून लावलेत, पोरगा विचारतो आई हे काय, मी त्याला सांगते हळूहळू कळेल.

दुसऱ्या दिवशी विट्याकडच्या एका मुलाने विचारलं, सर, एक्स-रे मारलेला जॉब हातात घेतला तर काय होतं? काही जण हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, हा प्रश्न शॉपवरच्या प्रत्येकाच्या मनात असतो, विचारायची लाज वाटते एवढंच. काही होत नाही, लाईट मारलेली भिंत लाईट बंद केल्यावर चमकत राहते का? जॉब रेडिओॲक्टिव्ह होत नाही. आमच्या फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या, बायका रेडिओग्राफीवरून आलेल्या जॉबला हात लावायला बिचकतात हे मला माहीत होतं, सोमवारी जाऊन मी पहिलं हे त्यांना सांगितलं.

आता फिल्म वाचनाकडे येते, या क्लासचा खरा जीव तिथे आहे. सरांकडे कपाटभर जुन्या फिल्म आहेत, वेल्डिंगच्या, कास्टिंगच्या, कारखान्यांच्या बॉयलर ट्यूबच्या जॉइंटच्या. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती ते सांगायला नको, गळीत संपलं की बॉयलरची कामं निघतात, ट्यूब बदलल्या जातात, जॉइंट शूट होतात, त्यामुळे सरांचा हात त्यात बसलेला. व्ह्यूअरसमोर बसवायच्या आधी खोलीतले दिवे मालवायचे आणि काही मिनिटं नुसतं बसवून ठेवायचे, बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना बारीक फरक दिसत नाही म्हणून. डेन्सिटी म्हणजे फिल्मचा काळेपणा, २ म्हणजे शंभरातला एक भाग उजेड फिल्ममधून पलीकडे येतो, ४ म्हणजे दहा हजारातला एक. मी इतकी वर्षं ऑफिसच्या ट्यूबलाईटला फिल्म धरून बघत होते. त्यात काय दिसणार होतं?

एक फिल्म माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. सहा इंची पाईपचा जॉइंट. वेल्डची पट्टी पांढरट, मधे काही नाही, मी लगेच म्हटलं क्लिअर. सर म्हणाले आधी जॉइंट बघूच नका, आधी फिल्म बघा. मग शिकवलं ते असं, की पहिल्यांदा ओळख बघायची, जॉब नंबर, जॉइंट नंबर, शिशाची अक्षरं जागेवर आहेत का. मग पेनिट्रामीटर, म्हणजे बारीक तारांची ती पट्टी, त्यातली हवी ती तार दिसते का. एएसटीएम या अमेरिकन स्टँडर्डच्या बी सेटमध्ये सहा तारा, सगळ्यात बारीक ०.२५ मिलिमीटरची, जाड ०.८१ ची, आणि जाडीप्रमाणे ठरलेली तार जर दिसत नसेल तर त्या फिल्मवर दोष नाही असं म्हणायचा तुम्हाला अधिकारच नाही, कारण तेवढं बारीक दाखवायची तिची कुवतच नाही. मग डेन्सिटी मोजायची, गामाला कमीत कमी २.०, एक्स-रेला १.८, वर ४ पर्यंत. मग बी अक्षर. हे मला अजिबात माहीत नव्हतं. कॅसेटच्या पाठीला शिशाचा बी चिकटवलेला असतो, फिल्मवर काळपट भागात फिकट बी उमटला तर समजायचं मागून किरण परत आलेत, फिल्म बाद. एवढं सगळं झाल्यावर मग जॉइंट बघायचा.

आणि मग त्यांनी भिंग हातात दिलं आणि म्हणाले, वेल्डच्या कडेने जा, मधून नको. गेले. डाव्या कडेला केसाएवढी सरळ काळी रेघ, एकदम सरळ, जणू पट्टी ठेवून ओढलेली. लॅक ऑफ फ्युजन. मेटल साईडवॉलला धरलंच नाही. सर म्हणाले निसर्गात सरळ रेघ नसते, सरळ दिसली की समजायचं तिथे माणसाने तासलेली कड होती आणि ती तशीच राहिलीय. बेव्हलची, म्हणजे वेल्डसाठी तिरकी तासलेली, कड. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

तिथून पुढे मला चटकच लागली. स्लॅग (अडकलेला कचरा) वेडावाकडा, कोपरे असलेला, पोरोसिटी (वायूचे बुडबुडे) गोल गोल आणि टोकं नसलेली, लॅक ऑफ पेनिट्रेशन (तळापर्यंत न पोचलेलं वेल्ड) रूटच्या बरोबर मधोमध, अंडरकट कडेला अंधुक. टिग वेल्डिंगच्या (टंगस्टनच्या कांडीने करतात त्या) जॉइंटमध्ये टंगस्टनचा तुकडा पडला तर तो मात्र पांढरा दिसतो, कारण स्टीलपेक्षा जड, किरण अडवतो, बाकी सगळे दोष काळे आणि हा एकटा पांढरा ठिपका. कास्टिंगला परत वेगळी दुनिया, तिथे एएसटीएम ई ४४६ च्या रेफरन्स फिल्मशी लावून बघायचं असतं, ५१ मिलिमीटर जाडीपर्यंतच्या स्टील कास्टिंगला. ए म्हणजे गॅस, बी म्हणजे वाळू आणि स्लॅग, सी म्हणजे श्रिंकेज आणि त्याचे परत प्रकार, प्रत्येकाच्या एक ते पाच लेव्हल. ५१ च्या वर गेलात की ई १८६ लागतं. मी ज्याला काळपट धूर म्हणत होते ते श्रिंकेजच होतं, झाडाच्या मुळ्यांसारखं पसरलेलं, आता दुरून पण ओळखते.

खोटे दोष हा एक अख्खा दिवस घेतला, त्याबद्दल सरांचे मनापासून आभार. फिल्म हाताळताना नखाने दुमडली की चंद्रकोरीसारखी खूण उमटते, एक्सपोजरच्या आधी दुमडली तर फिकट आणि नंतर दुमडली तर काळी. कोरड्या हवेत फिल्म सर्रकन ओढली की स्टॅटिकच्या ठिणग्या पडून झाडाच्या फांद्यांसारखं काळं नक्षीकाम होतं. ओल्या बोटाचे ठसे, डेव्हलपरचे ओघळ. फिल्म तिरकी धरून पृष्ठभागावर उजेड पाडायचा, खोटी खूण बहुतेक वेळा वरच्यावर दिसते. आणि एका कॅसेटमध्ये दोन फिल्म घातल्या असतील तर खरा दोष दोन्हीवर त्याच जागी येणार, खोटा एकीवरच. चांगल्या कास्टिंगला चुकून रिजेक्ट करणं ही पण चूकच आहे की, त्यामागे मोल्डरची, मेल्टरची सगळी रात्र असते.

एक गोष्ट सरांनी वारंवार सांगितली, आरटीला सगळं दिसतं या भ्रमात राहू नका. किरणाच्या दिशेत खोली असेल तरच दोष उमटतो. प्लेटला समांतर पसरलेलं लॅमिनेशन (प्लेटच्या आत सुटलेला थर) फिल्मवर दिसतच नाही, आणि क्रॅक किरणाला तिरका असला तर तोही निसटतो. तिथे अल्ट्रासॉनिक लागतं. कोणता क्लास स्वतःच्याच विषयाची मर्यादा एवढी स्पष्ट सांगतो?

सेफ्टीचा दिवस. मी सगळ्यात जास्त मार्क याला देईन. सरांनी फळ्यावर एकच गणित मांडलं. २० क्युरीचा इरिडियम सोर्स, एक क्युरी एक मीटरवर ताशी साधारण अर्धा रॉन्टजेन देतो, म्हणजे २० क्युरी एक मीटरवर ताशी १०. मिलिसीव्हर्ट या शरीराला लागणाऱ्या डोसच्या मापात ढोबळ १००. आपल्याकडे एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) रेडिएशनमध्ये काम करणाऱ्याला घालून दिलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मग एक मीटरवर उघड्या सोर्सशेजारी उभा राहिलेला माणूस वर्षभराचा कोटा किती वेळात संपवणार? वर्ग गप्प. बारा मिनिटं. आता अंतर दहापट करा, शंभरावा भाग. शंभर मीटरवर गेलात तर दहा हजारावा. सरांनी खिडकीतून बाहेर बोट केलं, म्हणाले तो समोरचा रस्ता बघा, साधारण तेवढं लांब. तेव्हा दोरी बांधून जागा अडवणं म्हणजे काय ते डोळ्यात बसलं. आमच्याकडे साईटवर पिवळी पट्टी बघून लोक खाली वाकून आत जातात, मी बघितलंय.

मग पेरूमधली १९९९ सालची यानांगोची घटना सांगितली. वेल्डरला जमिनीवर पडलेला इरिडियमचा सोर्स सापडला, चकचकीत बारीक तुकडा, काय आहे माहीत नाही, उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. पाय गेला त्याचा. आणि आपल्याकडे २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचला होता, एक माणूस दगावला. कुपवाडला आणि मिरजेला भंगारावर चालणाऱ्या भट्ट्या किती आहेत, स्क्रॅप यार्डातला माणूस काय उचलतो हे आम्हाला माहीत असतं का? मी यानंतर आमच्या स्क्रॅपच्या गेटवर किरण मोजायचा सर्व्हे मीटर ठेवायची मागणी लेखी दिलीय.

एक्स-रे मशीन आणि गामा कॅमेरा यातला फरक पण नीट समजला. मशीनचा स्विच बंद केला की किरण बंद. गामा सोर्सला स्विच नाही, तो चोवीस तास चालूच, फक्त कॅमेऱ्याच्या पोटात युरेनियमच्या ढालीआड बसलेला असतो, केबलने बाहेर ढकलायचा आणि परत ओढून घ्यायचा. म्हणून प्रत्येक शॉटनंतर मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत जायचं, सोर्स ज्यातून जातो त्या ट्यूबवरून फिरवायचं, सोर्स खरंच घरात आला का ते बघायचं, वाइंडरची दांडी फिरली म्हणून आला असं धरायचं नाही. छातीवरचा टीएलडी (डोस मोजणारा) बॅज नंतर सांगतो किती लागलं ते, वाचवत नाही. वाचवतो तो मीटर. सरांचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा नव्हता.

मधल्या सुट्टीत मी विचारलं, सर, बायकांनी या कामात यावं का? ते म्हणाले, ताई, मर्यादा बाईला आणि पुरुषाला सारखीच आहे, फक्त दिवस गेल्याचं कळलं की लगेच ऑफिसात सांगायचं, तिथून पुढे बाळाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाता कामा नये असा नियम आहे, आणि फिल्म वाचायला तर रेडिएशनचा संबंधच नाही. बॅचमध्ये आम्ही दोघीच होतो, दुसरी कोरेगावहून यायची. आणखी मुलींनी या, फिल्मवर तासन् तास नजर ठेवायला धीर लागतो आणि तो आपल्याकडे आहे.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी जाहिरातीची. बोर्डवर लिहिलंय की कोर्स करा आणि रेडिओग्राफर व्हा. पलूसकडचा एक मुलगा, वडील ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशोब लिहितात, कर्ज काढून आला होता या आशेवर की पाइपलाइनच्या साईटवर कॅमेरा चालवायची नोकरी लागेल. तिसऱ्या आठवड्यात त्याला कळलं की या सर्टिफिकेटवर गामा सोर्सला हात लावता येत नाही. त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून नीट वाचा सगळ्यांनी. एसएनटी-टीसी-१ए या एनडीटी माणसांच्या पात्रतेच्या नियमावलीप्रमाणे लेव्हल टू म्हणजे तुम्ही फिल्म वाचू शकता, कोडप्रमाणे निकाल देऊ शकता, टेक्निक लिहू शकता, आणि तेही सर्टिफाय तुमची कंपनी करते, क्लास फक्त ट्रेनिंग आणि परीक्षा देतो. कंपनी बदलली की नव्या कंपनीने परत सर्टिफाय करायचं. सोर्स चालवायचा असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभ्यासक्रमाचं रेडिओग्राफरचं ट्रेनिंग वेगळं आहे, संस्थेकडे एईआरबीचं लायसन लागतं, मान्यता असलेला सेफ्टी ऑफिसर लागतो, सोर्सची ने-आण ई-लोरा नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवावी लागते. हे सगळं ॲडमिशनच्या दिवशी, पैसे घ्यायच्या आधी, मुलाला समोर बसवून सांगायला पाहिजे. सरांनी स्वतः ते वर्गात सांगितलं, पण ऑफिसने सांगितलं नाही, आणि बोर्ड अजून तसाच आहे.

दुसरी तक्रार प्रॅक्टिकलची. माहितीपत्रकात डार्करूम आणि साईट व्हिजिट दोन्ही होतं. साईट व्हिजिट दोनदा पुढे ढकलली आणि शेवटी झालीच नाही. डार्करूम एकदा झाली, लाल दिव्यात वीस जणांना एका वेळी आत घेतलं, मी मागे उभी होते, समोरच्याच्या खांद्यावरून डेव्हलपरची टाकी अर्धी दिसली. २० डिग्रीला पाच मिनिटं डेव्हलपर, मग स्टॉप बाथ, फिक्सर, धुणं, वाळवणं, हे ऐकून कळतं पण हँगर हलवायचा कसा, बुडबुडे निघाले पाहिजेत म्हणून टाकीच्या कडेला आपटायचा कसा, हे हाताने केल्याशिवाय येत नाही. पाच-पाचच्या गटाने घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? फीमध्ये ते धरलेलंच आहे.

तिसरी बारीक आहे, नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स, रेडिओग्राफचे फोटो पूर्ण काळे आलेत. ज्या विषयात करड्याच्या छटा बघायच्या त्याच्याच नोट्स अशा नकोत.

परीक्षा तीन भागात, जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल, प्रत्येकात किमान ७० आणि सरासरी ८० टक्के लागतात. आधी डोळ्यांची तपासणी, जवळचं बारीक अक्षर वाचायचं आणि रंगांचा फरक ओळखायचा. चाळिशीचा चष्मा असला तरी चालतं, चष्मा लावून वाचता आलं की झालं, त्यामुळे वय बघून मागे राहू नका. प्रॅक्टिकलला मला दिलेल्या फिल्मपैकी एका कास्टिंगच्या फिल्मवर खुणेच्या अक्षराचा आणि रिपोर्टच्या नंबराचा मेळ नव्हता, तेवढं पकडलं म्हणून पास झाले असं मला वाटतं. बाकी जागा विश्रामबागकडून रिक्षाने सोपी आहे, खाली चहा चांगला मिळतो, पार्किंग नाही.

फाउंड्री, फॅब्रिकेशन, बॉयलर रिपेअर, प्रेशर व्हेसल, यातल्या क्वालिटीच्या माणसांनी जरूर करा. वेल्डरनी पण करा, आपला जॉइंट आतून कसा दिसतो ते एकदा बघितलं की हात बदलतो, आमच्या बॅचमधल्या माधवनगरच्या एका वेल्डर दादांनी स्वतः सांगितलं. नुकताच बारावी झालेला असाल आणि साईटची नोकरी हवी असेल तर आधी वरचा सर्टिफिकेटचा भाग परत वाचा, घरच्यांना दाखवा, मग ठरवा.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे अकरा फिल्म आल्या. मी दिवे मालवून, थांबून, एकेक लावली. सातव्या फिल्मवर बी अक्षर फिकट उमटलं होतं, रिपोर्टवर ॲक्सेप्ट होतं. मी सही केली नाही, परत शूट करायला पाठवली. नवीन फिल्म शुक्रवारी येतेय.